पाव्हण्यांनी मोडलेली एकच सोयरीक

पाव्हणं कुणाच्याही घरात शिरले की बसायच्या आधी पाणी मागायचे. तहान असो वा नसो. मग तांब्या कोण आणतं, किती वेळाने आणतं, आतून आधी कुणाचा आवाज येतो, हे सगळं ते खाली मान घालून ऐकत बसायचे. "सासूनं हाक मारायच्या आधी सून उठली. घर बरं हाय," असं बाहेर पडल्यावर चपला घालता घालता सांगायचे. एखाद्या घरात लग्नाचा मुलगा स्वतः उठून पाणी घेऊन आला, तर त्या घराचं भाग्य उजळलंच. "हितं पोरगी द्याय हरकत न्हाई." शेती किती, विहिरीला पाणी किती, मुलगा काय करतो, हे प्रश्न त्यानंतर.

त्यांचं खरं नाव आधार कार्डावर आहे, ते तिथंच राहू दे. आमच्या आष्ट्याकडे सोयऱ्याला पाव्हणा म्हणतात आणि हा माणूस दर तिसऱ्या घराचा सोयरा. नाव पडलं ते पडलंच. माझ्यापेक्षा पाचच वर्षांनी मोठे, एका आळीत वाढलेलो, एका विहिरीत पोहायला शिकलेलो. पण 'पाव्हणं' म्हटलं की पुढे आपोआप 'तुम्ही' येतं. त्यांची बायकोसुद्धा दारातून "आवं पाव्हणं, जेवाय येताय न्हवं?" अशी हाक मारायची. ते मला 'गड्या' म्हणत आणि चिडले की 'मास्तर'. मी मास्तर नाही. साताऱ्याच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे, मुलांनी फोडलेल्या परीक्षानळ्या मोजतो. पण गावाच्या लेखी कॉलेजात जातो तो मास्तर.

पोटासाठी ते आष्टा ते सांगली वडाप करायचे. एका जीपमध्ये पंधरा माणसं कोंबून न्यायचा धंदा. जिवासाठी लग्नं जमवायचे. समोरच्या आरशात त्यांना मागची गाडी कमी आणि मागच्या सीटवरची लग्नाळू पोरं जास्त दिसायची. एखादा मुलगा म्हातारीला जागा द्यायला उठला की सांगली येईपर्यंत त्याचं गाव, घराणं, मामाकूळ सगळं यांच्या खिशात. आजकाल आमच्याकडे चांगल्या चांगल्या घरच्या मुलांना मुली मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्या शब्दाला फार किंमत होती. स्वतः मात्र टॉवेल-टोपीच्या पुढे कधी काही घेतलं नाही.

खोटं बोलायचे नाहीत, हे त्यांचं भांडवल. एकदा भर बैठकीत मुलीच्या बापाला त्यांनी सांगून टाकलं, "पोरगा तंबाखू खातोय. बाकी सोनं हाय." मुलाच्या बापाचं तोंड काळं-निळं झालं. आतून मुलीने निरोप पाठवला की एवढं खरं सांगणारा मध्यस्थ आहे, तर बाकीचंही खरं असेल. लग्न झालं. तंबाखू मात्र सुटली नाही. आणि जुळलेल्या लग्नात मोडता घालणाऱ्या माणसाच्या तर ते सावलीला उभे राहात नसत. "जमवणाऱ्याला एकदा जेवाय मिळतं. मोडणाऱ्याला जलमभर शिव्या मिळत्यात," हे त्यांचं पालुपद होतं.

अशा माणसाला मी अकरा वर्षं फसवत होतो.

सुधीर माधवनगरचा. वडिलांची गिरणी बंद पडल्यावर मोटर रिवाइंडिंग शिकला आणि साताऱ्यात येऊन छोटं दुकान टाकलं. आम्ही दोघे एकत्र राहतो, ते रूम पार्टनर म्हणून नव्हे. हे आम्हा दोघांखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं. दोन खोल्या, दोन कॉट. कुणी येणार असलं की दुसऱ्या कॉटवरची चादर आम्ही हाताने चुरगळून ठेवायचो, उशीला मधोमध खड्डा पाडायचो, म्हणजे रोज कुणी झोपतंय असं दिसावं. कोर्टाने आमच्यासारख्यांबद्दल काय निकाल दिलाय ते मी वर्तमानपत्रात दोनदा वाचलं होतं. पण कोर्ट काही आष्ट्याच्या बाजारात येऊन माझ्या वडिलांना, आबांना समजावणार नव्हतं.

साताऱ्याचं भाडं मिळालं की पाव्हणं आमच्याकडेच मुक्कामाला असायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी पाणी मागितलं आणि मी उठायच्या आधी सुधीर तांब्या घेऊन आला. झालं! "ह्याची बायको लय सुखी ऱ्हाईल," म्हणाले. सुधीर भाकरी थापायचा ते बघत ते ओट्याला टेकून उभे राहायचे आणि आम्हा दोघांसाठी स्थळं सांगायचे. मी कधी कर्जाचं, कधी पत्रिकेचं, कधी बदलीचं कारण काढायचो. सुधीर नुसता हसायचा. मग आबांना हृदयाचा झटका आला, आणि दवाखान्यातून घरी आल्यावर ते रोज एकच विचारायला लागले, "मी डोळे मिटायच्या आधी व्हतंय का न्हाई?"

आता पाव्हण्यांनी जी चूक केली, ती लग्नं जमवणारा माणूसच करू जाणे. आमचं काहीतरी आहे हे त्यांना दिसलं होतं. अकरा वर्षं दिसत होतं. फक्त त्याला नाव देता येत नव्हतं. एका सकाळी ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले. चेहरा असा फुललेला, की स्वतःचंच लग्न ठरलंय. म्हणाले, "गड्या, तुझं घोडं कुठं आडतंय ते मला कळलं. तुला सुधीरला सोडून ऱ्हायाचं न्हाई, अन् त्याला तुला. खरं का न्हाई?" त्यांनी पुड्याची दोरी सोडली. "म्हनून मी दोन सख्ख्या बहिणी काढल्यात. लोणंदजवळच्या. थोरली तुला, धाकटी ह्याला. तुमी साडू व्हाल! साडवांची कुणी ताटातूट करतंय व्हय? एका मळ्यात दोन घरं बांधा, जलमभर ऱ्हावा." जात एकच, देवक जमत होतं. त्यांनी सगळं बघून ठेवलं होतं. त्यांच्यापाशी जे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी आमच्यापुढे आणून ठेवलं होतं.

आणि आम्ही 'होय' म्हणालो. हे लिहिताना हात जड होतो, पण म्हणालो. आधी सुधीर म्हणाला. "दुसरी वाट दिसतीय का तुला?" त्याने विचारलं. मला दिसत नव्हती. आबांचा चेहरा दिसत होता, गाव दिसत होतं, आणि त्यात हा मार्ग, ज्यात आम्हाला कुणी वेगळं करणार नव्हतं. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात. आमची काडी म्हणजे दोन जिवंत मुली होत्या, हे आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

मुलगी बघायला गेलो तेव्हा थोरलीला आणि मला पाच मिनिटं अंगणात बोलायला सोडलं. ती अंगणवाडीत शिकवायची. वडील गेल्यावर धाकटीला तिनेच वाढवलं होतं. मी काही विचारायच्या आधी तिनेच विचारलं, "तुमचे मित्र रागीट नाहीत ना? माझी बहीण कुणी चढ्या आवाजात बोललं तरी रडते." मी म्हणालो, तो कधी आवाज चढवत नाही. ते खरं होतं. मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "आम्हा दोघींना जवळ राहायला मिळतंय म्हणून मी तयार झाले. आणि ज्याला असा जिवाभावाचा मित्र आहे तो माणूस वाईट नसणार, असं वाटलं." त्या वाक्यानंतर मला धड झोप लागली नाही. तिने आमच्याकडे बघून विश्वास टाकला होता, आणि नेमका तिथेच आमचा खोटेपणा होता.

तरी सुपारीचा दिवस उजाडेपर्यंत मी गप्प राहिलो. भर मंडळीत सुपारी फुटली की शब्द पक्का. मग माघार नाही. फोडायचा मान पाव्हण्यांचा. आबा, चुलते, सुधीरची आई आणि बाकीची मंडळी मागच्या क्रूझरमध्ये होती. सुधीर आईपाशी बसला. मी पाव्हण्यांच्या जीपमध्ये पुढे, आणि मागच्या सीटवर नारळ, साड्या, पेढे यांचा ढीग. पाव्हणं खुशीत शीळ घालत होते. वाठार सोडलं, घाट लागला. लोणंद अर्ध्या तासावर आलं होतं. मी म्हणालो, "पाव्हणं, मी आणि सुधीर नवरा-बायकोसारखे राहतो. अकरा वर्षं." असंच म्हणालो. एवढी वर्षं मनात शब्द जुळवून ठेवले होते, त्यातला एकही आला नाही.

त्यांनी जीप कडेला घेतली. क्रूझर मागे थांबली, तेव्हा हात बाहेर काढून ओरडले, "इंजान तापलंय! तुमी व्हा म्होरं!" क्रूझर निघून गेली. मग त्यांनी खरंच बॉनेट उघडलं आणि त्याच्यात डोकं घालून उभे राहिले. मी खाली उतरलो. आतून आवाज आला, "म्हंजे तुमच्यात मी झोपायचो, तवा... तुमास्नी अडचन व्हायची." मला हसावं की रडावं कळेना. मी म्हणालो, "नाही हो." त्यांनी बाटलीतलं पाणी तोंडावर मारलं. डोळे लाल झाले होते. "पोरींस्नी सांगितलंय?" "नाही." "मग दोन पोरी हिरीत ढकलाय निघालाय, अन् मला ड्रायव्हर केलंय व्हय रं, मास्तर?"

मी त्यांचे पाय धरायला वाकलो तर ते मागे सरले. ते मागे सरणं मला अजून दिसतं. "माझ्या डोक्यात ह्ये बसत न्हाई," म्हणाले. "तुज्यावर राग धरावा का तुजी कीव करावी, ते बी कळंना. आधी सांगायचं व्हतं, न्हाईतर कवाच न्हाई." मी विचारलं, "आता थांबवता येईल का?" "तुजा बा हाय म्होरच्या गाडीत. ह्ये कारन सांगून थांबवलं तर तो हितंच जाईल." मग बॉनेट आपटून बंद केलं. "बस गाडीत. अन् तितं तोंड उघडू नको. सुधीरलाबी डोळ्यानं सांग."

मुलींच्या दारात मांडव घातला होता. सत्तर-ऐंशी माणूस. पाव्हण्यांपुढे पाट, पाटावर सुपारी आणि बत्ता. त्यांनी बत्ता उचलला आणि परत खाली ठेवला. "मंडळी, ही सुपारी फुटत न्हाई," म्हणाले. "ह्या दोन पोरांचा शब्द मी आधीच दुसऱ्या घरी देऊन बसलोय. पोरांस्नी ठावं न्हाई, त्यांच्या घरच्यांस्नीबी न्हाई. दोन्हीकडं हो म्हनलो. लालूच सुटली. चूक माझी हाय, ह्या लेकींची न्हाई. त्यांच्यासारख्या लेकी मिळायच्या न्हाईत." आयुष्यात त्यांनी भर मंडळीत बोललेलं हे एकच खोटं असावं. कारण बोलताना त्यांचा आवाज लहान मुलासारखा चिरकत होता, आणि लोकांना तो अपराध्याचा वाटला.

मुलींच्या चुलत्याने उठून त्यांच्या थोबाडीत मारली. "दोन घरचा पाव्हणा उपाशी, ऐकलंय का न्हाई?" असं कुणीतरी मागून ओरडलं, माणसं हसली. आमचे आबा छाती धरून उभे राहिले आणि म्हणाले, "तुला माझ्या घरात पोरासारखं जेवाय घातलं रं." पाव्हण्यांनी डोक्यावरची टोपी काढून आबांच्या पायापाशी ठेवली. मी दोन हातांवर बसलो होतो. मी उठलो नाही. एकदा 'आबा' म्हणून ओठ हलवले तेव्हा पाव्हण्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी पुन्हा खाली बघितलं. त्यांनी गप्प राहायला सांगितलं होतं हे खरं. मला गप्प राहणं सोयीचं होतं हेही तितकंच खरं.

लोकांनी खोदून विचारलं तरी ते 'दुसरं घर' कुणाचं हे त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर लग्नासाठी त्यांना कुणी बोलावलं नाही. वडापच्या अड्ड्यावर पोरं त्यांना 'दोन घरचं' म्हणायला लागली. ते आमच्या खोलीवर पुन्हा आले नाहीत. सुधीर तर त्या दिवसापासून माझ्यावर पेटला होता. "तुझं सांगायचं ते सांग. माझं नाव कुणाला विचारून घेतलंस?" हे त्याचं बरोबर होतं. तो तीन महिने माधवनगरला जाऊन राहिला आणि मग एका सकाळी पिशवी घेऊन परत आला. सुपारी मोडलेली मुलं म्हणून आमच्यामागचा लग्नाचा तगादा मात्र कायमचा संपला. दुसऱ्याची अब्रू जाळून मिळालेल्या उबेत आम्ही तीन वर्षं राहिलो. लोणंदच्या दोघी बहिणींची लग्नं झाल्याचं कानावर आलं, तेव्हा मी कॉलेजच्या संडासात जाऊन रडलो.

मग पाव्हण्यांच्या लेकीचं, मेघाचं लग्न निघालं. मुलगी नर्सिंग शिकलेली, देखणी, कामसू. स्थळं यायची आणि चौकशीत परत जायची. बाप सुपारीत उठून मोडतो, शब्दाचा कच्चा, असल्या घराशी सोयरीक कोण करणार? तीन स्थळं गेली. मी फोन केला, "मी येऊन सगळ्यांना खरं सांगतो." ते म्हणाले, "आबा हायत तवर नको. मेघीला मी समदं सांगितलंय. तिच्या जल्माचा प्रश्न हाय, तिच्यापासून झाकून कसं चालंल? ती म्हनली, बाबा, त्या पोरींच्या जागी मी असते तर?" आणि फोन ठेवला.

चौथ्या स्थळाची चौकशी माझ्याच दारात आली. रविवारची सकाळ होती. मुलाचे चुलते, फौजेतून निवृत्त झालेले सुभेदार, आणि त्यांच्यासोबत गावचे एक गृहस्थ. खुर्चीवर ताठ बसून सुभेदार म्हणाले, "तुमची सुपारी ह्याच माणसानं मोडली. म्हंजे सगळ्यांत जास्त तुमालाच ठावं असणार. सीधा बोला. माणूस कसा हाय?" मी म्हणालो, त्यांच्याइतका सच्चा माणूस मी बघितला नाही. "मग मोडली कशापायी?" सुधीर चहाचा ट्रे घेऊन दारात आला होता. या वेळी मी त्याच्याकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्याने ट्रे खाली ठेवला, हात विजारीला पुसले आणि म्हणाला, "सांग."

मी सांगितलं. घाटातलं, मांडवातलं, सगळं. सोबतचे गृहस्थ मध्येच उठून बाहेर जाऊन उभे राहिले. सुभेदार बसून राहिले. "म्हंजे त्यानं दोन पोरी वाचवल्या, अन् बदनामी अंगावर घेतली." "होय." "अन् तुमी तीन वर्सं गप बसला." "होय." ते उठले. चहाला हात लावला नव्हता. दारात थांबून, माझ्याकडे न बघता म्हणाले, "व्याही म्हणून माणूस बरोबर हाय." चार दिवसांत ही बातमी आष्ट्याला पोचली. आबांना झटका आला नाही. त्यांनी चुलतभावाकडून निरोप दिला, की घरी यायचं नाही, मेलो तरी यायचं नाही.

आठव्या दिवशी पाव्हण्यांचा फोन आला. "जमलं, गड्या." मी 'अभिनंदन' म्हणायला गेलो तर त्यांनी मध्येच तोडलं. "सुभेदार लय चांगला माणूस हाय," म्हणाले. "पर त्यांची एक अट हाय. तुमी दोघं लग्नात दिसाय नको. मी लय भांडलो रं. मग मेघीकडं बघितलं, अन् गप बसलो." पुढे म्हणाले, "मी आजवर कुणाला लग्नाला येऊ नको म्हनलो न्हाई. वैऱ्यालाबी न्हाई." मी म्हणालो, "बरं." आणि काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "जेवायला काय ठेवलंय?" त्यांनी नाक ओढत सांगितलं, "जिलबी हाय. वांगं-बटाटं, मसालेभात, मठ्ठा." मग म्हणाले, "सुधीर हाय का तितं?" तीन वर्षांत पहिल्यांदा त्याचं नाव घेतलं. "आहे." "मग असं करा. साडेबाराला अक्षता हायत. त्या वक्ताला घरात कायतरी गोड करा, अन् दोघं संगं जेवा."

त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. मीही केलेला नाही. मेघाच्या सासरी चालायचं नाही, एवढं मला कळतं.

लग्नाच्या दिवशी सुधीरने दुकान उघडलं नाही. शिरा केला, दोन ताटं वाढली आणि साडेबारा वाजायची वाट बघत बसला. मला घास गिळेना. मी ताट बाजूला सारून उठायला लागलो तर त्याने माझं मनगट धरलं आणि मला परत खाली बसवलं. म्हणाला, "जेव. लग्नघरातून उपाशी उठू नये."